दर हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल: रिंगा, सील की आणखी काही?

सहासिलिंडर

माझ्याकडे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली गाडी आहे. पहिल्या दिवसापासून ती मीच वापरतो आणि आजवर ती ६२,००० किमी चालली आहे. पहिल्या ४०,००० किमीपर्यंत दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालण्याची वेळ एकदाही आली नव्हती. गेल्या वर्षभरात मात्र दर हजार किमीला साधारण पाऊण लिटर ऑइल घालावे लागते आहे. गाडी उभी असते त्या जागी खाली एक थेंबही पडलेला नसतो. पाण्याच्या टाकीत ऑइलचा तवंग नाही आणि इंजिनाच्या ताकदीत काही फरक जाणवत नाही. एकदाच, लांबलचक उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा, मागच्या गाडीतल्या मित्राला निळसर धुराचा झोत दिसला होता.

सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे की ही घट कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे दोष नाही. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडण्याआधीच ‘पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगून टाकले. काहीच झालेले नाही आणि सगळेच संपले आहे, या दोन टोकांच्या मध्ये मी अडकलो आहे. इंजिन उघडण्यापूर्वी काय काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तेलकट_बाही

आधी त्या ‘मर्यादे’बद्दल. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल कमी होऊ शकते असे छापलेले असते, आणि काही स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकांत हा आकडा एक ते दीड लिटरपर्यंत जातो. आपल्या ताफ्यातले सर्वांत वाईट पण तरीही चालणारे इंजिन, सर्वांत कठोर वापरात, किती ऑइल पिईल याचा अंदाज बांधून निर्माता हा आकडा ठरवतो. वॉरंटीचा वाद कुठे थांबवायचा याची ती रेषा आहे. तुमचे इंजिन निरोगी आहे की नाही, हे त्या रेषेवरून कळत नाही. ४०,००० किमीपर्यंत एक थेंब न पिणारे इंजिन वर्षभरात पाऊण लिटरवर आले असेल, तर आकडा मर्यादेत असला तरी काहीतरी बदललेले आहे. उलट, पहिल्या दिवसापासून नियमाने चारशे मिलिलिटर पिणारे इंजिन दोन लाख किमीपर्यंत तेवढेच पीत राहू शकते. तेव्हा आकडा बाजूला ठेवून आधी त्याचा कल पाहावा.

दशांश

पाऊण लिटर ऐकायला फार वाटते, म्हणून थोडा हिशोब मांडतो. सोयीसाठी घट ७०० मिलि धरू. समजा ही गाडी ताशी १०० किमी वेगाने २००० आरपीएमवर चालली आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सहा सिलिंडर मिळून मिनिटाला ६००० ज्वलने होतात. हजार किमीला ६०० मिनिटे लागतात, म्हणजे एकूण ३६ लाख ज्वलने. ७०० मिलि त्यांत वाटले तर दर ज्वलनामागे जेमतेम ०.२ घन मिलिमीटर ऑइल जळते. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक थेंब संपायला अडीचशे ज्वलने लागतात.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. ८४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरला, तर पिस्टन सिलिंडरची सुमारे २३,७०० चौरस मिलिमीटर भिंत घासत जातो. त्या भिंतीवर एकच मायक्रॉन जाडीचा थर आहे असे धरले तरी त्यात जवळजवळ २४ घन मिलिमीटर ऑइल बसते. म्हणजे दर फेरीला त्या थराचा शंभरावा हिस्साही वर जात नाही, तरीही हजार किमीच्या शेवटी आपल्याला बाटली उघडावी लागते. रिंगांकडून किती काटेकोर काम अपेक्षित आहे, हे मला तरी हा हिशोब केल्यावरच कळले.

जुने_कार्ब्युरेटर

हिशोब आवडला, पण एक शंका राहते. माझ्या पंचवीस वर्षे जुन्या साध्या चार सिलिंडरच्या गाडीला दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालावे लागत नाही. मग इतक्या महागड्या, इतक्या अचूक बनवलेल्या इंजिनांनीच ऑइल का प्यावे? हे मला अजून पटलेले नाही.

तेलकट_बाही

शंका रास्त आहे, आणि उत्तर थोडे लांब आहे.

पिस्टनवर साधारणतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब अडवतात, तर तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिकडे, परत पाठवते. ही तिसरी रिंग भिंतीवर जितकी जोराने दाबून बसेल तितके ऑइल कमी जळेल, पण तितकेच घर्षणही वाढेल. इंजिनातल्या एकूण घर्षणाचा मोठा वाटा पिस्टन आणि रिंगांचा असतो. म्हणून इंधनबचतीसाठी आणि जास्त आरपीएमसाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या रिंगा अधिकाधिक पातळ आणि सैल ताणाच्या होत गेल्या. तुमच्या जुन्या गाडीच्या रिंगा जाड आणि कडक आहेत. त्या घर्षणाची किंमत तुम्ही पेट्रोलमध्ये मोजता, एवढेच.

दुसरी गोष्ट वेगाची. ९० मिमी स्ट्रोकचे इंजिन ७००० आरपीएमवर फिरते तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१ मीटर होतो, आणि प्रत्येक टोकाला तो शून्यावर येऊन पुन्हा उलटा फिरतो. अशा वेळी हलकी रिंग आपल्या खाचेत क्षणभर तरंगू शकते. तिसरी गोष्ट पिस्टनच्या धातूची. जास्त ताकदीच्या इंजिनांत फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन वापरतात. त्यांतल्या २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो चिवट असतो पण गरम झाल्यावर जास्त फुगतो, आणि म्हणून त्याला थंड असताना भिंतीपासून जास्त मोकळीक द्यावी लागते. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते, तो कमी फुगतो. सकाळी इंजिन सुरू केल्यावर अशा गाड्यांतून जी हलकी टकटक येते ती या मोकळिकीचीच, आणि इंजिन गरम होईपर्यंत त्याच फटीतून ऑइलही वर जाते.

यात टर्बोची उष्णता मिळवा. वरच्या रिंगांच्या खाचांत ऑइल करपते, ऑइल रिंगची परतीची बारीक भोके कार्बनने बुजतात, रिंग खाचेत अडकून बसते आणि खरवडणे थांबते. लांबवलेले ऑइल-बदल हे या करपण्याचे मला सर्वांत जास्त दिसलेले कारण आहे. रिंग झिजलेली नसते, नुसती जाम झालेली असते. ‘रिंगा गेल्या’ म्हणणाऱ्यांनी हा फरक कधी तपासलेला असतो का, याबद्दल मला शंकाच आहे.

वळणावरचा

ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांसाठी एक भर घालतो. लांब वळणावर गाडी दाबून धरली की चेंबरमधले ऑइल एका बाजूला चढते, हेडमध्ये (इंजिनाच्या माथ्यात) साचते आणि ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीच्या, वाटेने थेट इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या मार्गात) ओढले जाते. अशा एका दिवसात अर्धा लिटर गेले तर त्याचा रिंगांशी काहीच संबंध नसतो. ड्राय संपचे इंजिन, ज्यात ऑइल वेगळ्या टाकीत असते आणि पंप ते चेंबरमधून सतत उपसत राहतात, या कारणासाठीच बनवतात. त्याचबरोबर, ट्रॅकवर जाण्यापूर्वी ‘थोडे जास्तच भरून ठेवू’ म्हणून कमाल खुणेच्या वर ऑइल भरणे हा शुद्ध घाटा आहे. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि ब्रीदरमधून आणखी जास्त जाते.

त्रिकोणी_रोटर

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. रोटरी इंजिनात, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो त्या इंजिनात, ऑइल जळणे हा दोष नसून रचनेचाच भाग आहे. माझदाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ मध्ये एक छोटा पंप मुद्दाम मोजून ऑइल आत सोडतो, कारण रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळण्याचा दुसरा चांगला मार्ग नाही. अशी गाडी ऑइल पिईनाशी झाली, तर मालकाने घाबरायला हवे.

दुसरे टोक फॉर्म्युला वनचे. २०१४ पासून तिथे इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोपुरता मर्यादित झाला, तेव्हा ऑइलच थोडे इंधनासारखे जाळून फायदा उठवला जात असल्याचा संशय बळावला. मग नियम आले. २०१८ मध्ये १०० किमीला ०.६ लिटरची मर्यादा होती आणि २०२० मध्ये ती ०.३ लिटरवर आणली गेली. म्हणजे कडक केलेल्या नियमातही हजार किमीला तीन लिटर!

सहासिलिंडर

सर्वांचे आभार. मी लगेच एक हजार किमी मोजून पाहिले, पण निकालाने गोंधळ वाढला आहे. पहिले ७०० किमी रोजच्या जवळच्या फेऱ्यांत झाले, त्यात पातळी हललीच नाही. मग एका दिवसात ३०० किमीचा प्रवास केला आणि पातळी एकदम खाली गेली. एका दिवसात इंजिनाला काय झाले असेल?

दशांश

इंजिनाला काही झाले नाही, तुमच्या मापाने तुम्हाला फसवले. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते गरम होत नाही आणि थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरमध्येच फवारणाऱ्या) इंजिनात थोडे पेट्रोल भिंतीवरून धुतले जाऊन चेंबरमध्ये उतरते. इकडे ऑइल जळत असते, तिकडे तेवढेच पेट्रोल भरत असते, आणि डिपस्टिकला (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीला) दोन्ही सारखेच दिसतात. साडेसहा लिटरमध्ये ३०० मिलि पेट्रोल मिसळले, म्हणजे साडेचार टक्के झाले. लांबच्या प्रवासात ऑइल तापले की ते पेट्रोल उडून जाते आणि आठवड्यांची घट एका दिवसात उघडी पडते. तोवर तुम्ही पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवलेली असते, ते वेगळेच.

दुसरी चूक तापमानाची. ऑइल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के फुगते. २० अंशांना आणि ९० अंशांना मोजलेल्या साडेसहा लिटरमध्ये यामुळेच ३०० मिलिचा फरक पडतो. आजकाल अनेक गाड्यांतून डिपस्टिकच काढून टाकली आहे आणि पडद्यावरची पट्टी बघावी लागते, हा बदल मला मुळीच आवडलेला नाही. तेव्हा प्रत्येक वेळी त्याच सपाट जागी, इंजिन गरम करून, तितकाच वेळ थांबून मोजा. ऑइल घालताना बाटली आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. लिटरला ८५० ग्रॅम धरले तर पुरेसे अचूक उत्तर मिळते. आणि सपाट रस्त्याची व घाटाची घट वेगवेगळी मोजा, कारण तुमचा तो निळा झोत उतारानंतरचा होता.

तेलकट_बाही

उताराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. धूर केव्हा दिसतो यावरून निम्मे निदान होते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करताना झोत आला, तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असण्याची शक्यता जास्त. आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनात तो झोत बऱ्याचदा निरुपद्रवी असतो, कारण उभ्या गाडीत थोडे ऑइल सिलिंडरमध्येच पडून राहते. जोरात पळवताना सतत धूर येत असेल, तर रिंगांकडे बोट जाते. बराच वेळ जागेवर चालू ठेवून निघताना आला, तर टर्बोचे सील किंवा त्याची बुजलेली परतीची नळी पाहावी.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मिटलेले असते आणि इनटेकमध्ये जबर ओढ तयार होते. ही ओढ तीन ठिकाणी पोहोचते: रिंगांवर, व्हॉल्व्हच्या सीलवर आणि ब्रीदरवर. ब्रीदरमध्ये एक रबरी डायफ्रॅम असतो. इनटेकची ओढ चेंबरपर्यंत पूर्ण पोहोचू नये, हे त्याचे काम. तो फाटला की ऑइलची वाफ नुसती तरंगत येत नाही, ती खेचली जाते. गाडी चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहा. ते घट्ट ओढून धरल्यासारखे वाटले किंवा बारीक शिट्टी ऐकू आली, तर इंजिन उतरवण्याची भाषा आधी थांबवा.

आणि एक सूचना: कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) चांगले आले म्हणून रिंगांना लगेच निर्दोष ठरवू नका. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा दाखवतात, तिसरी जाम असली तरी आकडा उत्तम येतो, किंबहुना भिंतीवरच्या जास्तीच्या ऑइलमुळे थोडा वाढूनच येतो. प्लग काढून त्यांची तोंडे पाहा आणि बारीक कॅमेऱ्याने पिस्टनचे माथे आणि भिंती पाहा. पिस्टनच्या कडेला धुतल्यासारखी चमक असेल, तर तिथून ऑइल वर येते आहे.

घट्टमाणूस

एवढा उपद्व्याप कशाला? २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरा, सगळे थांबेल. जुने मेकॅनिक हेच करत आले आहेत.

वंगणवेळा

घट्टमाणूस यांच्याशी अंशतः सहमत, पण इलाज चुकीचा आहे. ऑइल बदलल्याने घट कमी होऊ शकते, मात्र केवळ जाडीमुळे नव्हे. नोॲक नावाच्या चाचणीत ऑइल २५० अंशांना एक तास तापवतात आणि किती टक्के वजन उडाले ते पाहतात. एसीईए या युरोपीय वाहननिर्मात्यांच्या संघटनेच्या ए३/बी४ वर्गात ही मर्यादा १३ टक्के आहे, एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या हलक्या ऑइलांसाठी १५ टक्के. त्याच जाडीची दोन ऑइले या आकड्यात बरीच वेगळी असू शकतात, आणि गरम चालणाऱ्या टर्बो इंजिनात तो फरक बाटलीत दिसतो. निर्मात्याने परवानगी दिली असेल तर ०डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४० वर जाणे समजण्यासारखे आहे. बीएमडब्ल्यूने एस५४, एस६५ आणि एस८५ या इंजिनांना १०डब्ल्यू-६० सांगितले होते, पण ती इंजिने त्या ऑइलसाठीच बांधलेली होती. बारीक मार्गांच्या आणि व्हेरिएबल टायमिंगच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या) इंजिनात २०डब्ल्यू-५० घातले, तर थंडीत सुरू करताना ते वर पोहोचायलाच वेळ लागेल.

घट ‘चालवून घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. ऑइलमधला फॉस्फरस धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो. शिवाय टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जोर दिला की पिस्टनच्या कडेचा ऑइल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमने हा धोका वाढतो असे दिसल्यावर २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. तेव्हा निदान या दर्जाचेच ऑइल घाला.

सहासिलिंडर

उशिरा लिहितो आहे, कारण मोजत होतो. वजनकाट्याने हजार-हजार किमीच्या दोन फेऱ्या मोजल्या. सपाट महामार्गावर २१० ग्रॅम, म्हणजे सुमारे पाव लिटर घट झाली. घाटरस्त्यांवर मात्र ९०० ग्रॅम, म्हणजे लिटरच्याही वर. आजवर मी ज्याला ‘पाऊण लिटर’ म्हणत होतो, ती या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होती.

त्यानंतर झाकण उघडून पाहिले. बोटांनी सुटेना, तळव्याने पिळावे लागले, आणि सुटताच इंजिन अडखळले. मग पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बांधली, तिच्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक डिपस्टिकच्या भोकात रबराने घट्ट बसवले. या इंजिनात दोन बाजूंच्या पातळीत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक अपेक्षित होता. इंजिन सुरू होताच पाणी वाकापलीकडे धावत सुटले आणि ते आत जाईल या भीतीने मी धावत जाऊन इंजिन बंद केले. डायफ्रॅम टॅपेट कव्हरमध्येच (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात) बसवलेला असल्यामुळे पूर्ण कव्हर बदलावे लागले. जुने कव्हर कापून पाहिले, तेव्हा रबराच्या कडेला नखभर लांबीची चीर होती, इतकी बारीक की रबर ताणल्याशिवाय दिसत नव्हती.

कव्हर बदलल्यावर त्याच घाटरस्त्यांची हजार किमीची फेरी पुन्हा केली: २६० ग्रॅम, साधारण ३०० मिलि.

घट्टमाणूस

अभिनंदन. तरीही ३०० मिलि म्हणजे शून्य नव्हे. पहिल्या ४०,००० किमीला तर काहीच लागत नव्हते ना?

सहासिलिंडर

बरोबर आहे, आणि तो प्रश्न मी मिटलेला मानत नाही. सहापैकी पाच प्लग कोरडे आणि फिकट तपकिरी निघाले. चौथ्या सिलिंडरच्या प्लगवर एका बाजूला पांढुरकी राखेची खपली आहे आणि कॅमेऱ्यात त्याच पिस्टनची एक कड इतरांपेक्षा स्वच्छ दिसते. ऑइल आता निम्म्या अंतरावर बदलायला सुरुवात केली आहे, नोॲकचा आकडा कमी असलेले मंजूर ऑइल निवडले आहे आणि जवळच्या फेऱ्या शक्यतो एकत्र करतो. ७०,००० किमीला तोच प्लग पुन्हा काढून छायाचित्र इथे टाकेन.

तेलकट_बाही

प्लग काढाल तेव्हा आजच्या छायाचित्राच्याच कोनातून आणि त्याच उजेडात घ्या. आणि जमल्यास त्याच वेळी चौथ्या सिलिंडरची लीक-डाउन चाचणीही (दाबाची हवा भरून किती गळते ते पाहण्याची) करून ठेवा, म्हणजे पुढे तुलनेला आकडा हाताशी राहील.